आप्पासाहेबांच्या जीपची मूठ

कानिफनाथ शेलारला फोनवर हळू बोलता येत नव्हतं. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत चोवीस वर्षं लेथ चालवला की माणसाचे निम्मे कान तिथंच राहतात, आणि ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं त्याला वाटतं, जगालाही तेवढंच येत असेल. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा त्यानं एक जुना लेथ घेतला, श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात सुमनबाईंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणला आणि चार बोल्ट काँक्रीटमध्ये गाडून उभा केला. आता तो लेथ हलवायचा म्हणजे क्रेन आणायला लागली असती, आणि क्रेन त्या बोळात शिरली नसती. शेडचा करार अकरा महिन्यांचा, तो येत्या रविवारी संपत होता. सुमनबाई नवा करार करतील याबद्दल कानिफनाथला कसलीच शंका नव्हती. रोज सकाळी दहाला त्या स्टीलचा पेला पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "घ्या कानिफभाऊ, आज आलं लई पडलंय." एवढी माया भाडेकरूवर कोण करतं?

तर बुधवारी सकाळी फोन वाजला तो राहुरीच्या आप्पासाहेबांचा. आप्पासाहेब कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा जीव एका अठ्ठावन्न सालच्या जीपमध्ये. रविवारी नगरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि जीपच्या गिअरच्या दांड्यावरची मूठ गायब होती. महिन्यापूर्वी बेलापुरात एका साखरपुड्याला जीप उभी केली होती, तिथंच ती गेली. बाजारातली मूठ बसेना, कारण दांड्याचे आटे जुन्या इंची मापाचे. दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी, आप्पासाहेब जीप घेऊन आले होते आणि कानिफनाथनं माप घेतलं होतं. आता गिअरच्या दांड्यावर जो गोळा असतो त्याला आपल्याकडं मूठच म्हणतात. यात कानिफनाथचा काय दोष, सांगा.

लेथ चालूच होता, म्हणून त्यानं आवाज आणखी चढवला.

"हां साहेब, मूठ करायला घेतलीय. शिसवीची. काळीभोर निघनार."

मग ऐकून घेतलं.

"चोर बेलापुरातलाच असनार, दुसरा कुठला. त्याचं सोडा तुमी. आपली मूठ अशी बसंल का कुनाच्या बापाला निघायची न्हाई."

पुन्हा ऐकून घेतलं.

"न्हाई, न्हाई, शनिवारी अमुशा हाय. मी मशीनला हात लावत न्हाई. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मारून टाकू. तुमी येताना एक नारळ आना. माझी पहिलीच मूठ हाय."

पत्र्याच्या पलीकडं सुमनबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

एखादा वाचणारा शहरात वाढलेला असेल, म्हणून सांगितलेलं बरं. मूठ मारणं म्हणजे मंत्र घालून दुरूनच माणसाला आडवं करणं. असं काही नसतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी मुठीचं नाव निघालं की सगळे आवाज खाली आणतात. त्यात फोनवर बोलणाऱ्याचं नाव कानिफनाथ. त्यात लेथवर दर शनिवारी लिंबू-मिरची बांधलेली. सुमनबाईंनी सूप भिंतीला टेकवलं, समोरच्या चांगुणाबाईंकडं गेल्या आणि म्हणाल्या, "कुनाला सांगू नको."

गुरुवारी दहाचा चहा आला नाही.

साडेदहाला सुमनबाई आल्या, पण रिकाम्या हातानं, आणि शेडच्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. उजवा हात पदराखाली होता.

"रविवारी करार संपतोय," त्या म्हणाल्या.

"व्हय आक्का, करू की नवा."

"नवा न्हाई करायचा. शेड खाली करा."

कानिफनाथनं लेथ बंद केला. आपण चुकीचं ऐकलं असेल, असं त्याला खरंच वाटलं.

"काय चुकलं का माझं?"

"चुकलं काय न्हाई. मला शेळ्या बांधायच्यात."

"शेळ्या कुठायत?"

"आननार हाय," सुमनबाई म्हणाल्या, आणि वळल्या त्या थेट घरात.

कानिफनाथ स्टुलावर बसला. पन्नाशीत नोकरी गेल्यावर माणूस एकदाच नव्यानं उभा राहू शकतो, आणि तो या चार बोल्टांवर उभा राहिला होता. दुसरी शेड शोधायची, थ्री फेजचं कनेक्शन घ्यायचं, गिऱ्हाइकांना नवा पत्ता सांगायचा, आणि हे सगळं शेळ्यांपायी. त्या शेळ्या अजून जन्माला तरी आल्या होत्या का, देव जाणे.

दुपारी तो पाणी प्यायला बाहेर आला तर पायरीवर लोखंड कापायचा एक हॅकसॉ ठेवलेला. त्याचाच होता, गेल्या पावसाळ्यात हरवलेला. तासाभरानं पाहिलं तर शेजारी एक प्लास्टिकची बादली. ती त्याची नव्हती. मग गिरणीवाला बन्सी आला. त्यानं आत न येता पायरीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकला.

"तुझं व्हर्निअर हाय," बन्सी म्हणाला. "बेअरिंगचं माप घ्यायला नेल्तं. इसरलो."

"सहा महिने इसरलास?"

"ते चोरी नसतं ना? इसरनं?"

"न्हाई की," कानिफनाथ म्हणाला. व्हर्निअर मिळाल्याचा त्याला एवढा आनंद झाला होता की बाकी काही सुचलं नाही. मुठीच्या आत बसवायच्या पितळी बुशचं बारीक माप घ्यायला त्याला तेच हवं होतं.

"तेवढं ध्यानात ठेव मंग," बन्सी म्हणाला आणि जाता जाता थांबला. "कानिफ, मित्र म्हनून सांगतो. कायदा हाय त्याला. पोलीस उचलत्यात."

"व्हर्निअरला?"

बन्सी तोवर गिरणीच्या वाटेला लागला होता.

शुक्रवारी सकाळपर्यंत पायरीवर एक टॉर्च, समाजमंदिराच्या दोन खुर्च्या, सायकलचा पंप आणि एक पितळी परात एवढा ऐवज जमला होता. उद्या कुणी म्हणालं, ही चोरीची वस्तू तुझ्या दारात कशी, तर काय सांगायचं? तो परात आत ठेवावी की बाहेर या विचारात हातात घेऊन उभा होता, तेवढ्यात चांगुणाबाई आल्या. परातीवर त्यांच्या सासूचं नाव कोरलेलं होतं.

"ही माझी परात. दिवाळीपास्नं सापडत नव्हती."

"मावशी, मी शपथेवर सांगतो—"

"शपथ नका घालू," चांगुणाबाई घाईनं म्हणाल्या. परात हातात घेऊन त्यांनी कानिफनाथला चक्क नमस्कार केला. "गुन आला म्हनायचा," असं पुटपुटत त्या गेल्या.

दुपारी सविता, त्याची बायको, डबा घेऊन आली. डबा तिनं आदळलाच.

"तुमी फोनवर काय बोललात?"

"कुनाशी?"

"ते मला काय माहीत. गिरणीत मला रांगेत सगळ्यांनी पुढं जागा दिली. पुढं जागा. बेलापूरच्या गिरणीत. तवाच मी वळखलं, कायतरी घोळ हाय." ती खाली बसली. "गावात म्हनत्यात, तुमी मूठ मारनार. आज दिवस मावळायच्या आत. चोरावर."

कानिफनाथला आधी हसू आलं. मग पायरीवरचा पंप दिसला, सुमनबाईंचा पदराखालचा हात आठवला, शेळ्या आठवल्या, आणि हसू जिथल्या तिथं वाळलं.

"अगं, ती गिअरची मूठ हाय."

"मी सांगितलं की तसं. तर चांगुणाबाई म्हनली, गिअर टाकल्याबिगर मूठ पुढं जातीय व्हय?"

"मग आता?"

"आता काय. दाखवा जाऊन. डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटंल."

सल्ला वाईट नव्हता. पण मूठ कशी झाली होती तेही पाहायला हवं. मोडक्या पलंगाच्या शिसवी पायातून कानिफनाथनं ती तासून काढली होती, काळी, गुळगुळीत, तळहातात नेमकी बसेल अशी. कंपनीत त्यानं लाखांनी बुश आणि पिना काढल्या होत्या, पण स्वतःच्या हातची म्हणावी अशी वस्तू ही पहिलीच. माथ्यावर गिअरच्या रेघा कोरून त्यानं त्यात लाल रंग भरला होता. रेघांच्या टोकांना १, २, ३ हे आकडे, आणि चौथ्या टोकाला, उलट्या गिअरसाठी, उ. आप्पासाहेबांची इच्छा मराठीतच हवं अशी होती.

गिरणीसमोर त्यानं ती तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली. पट्टा बंद झाला. काळा गोळा, लाल रेघा, आकडे.

"हे बघा, हे आकडे म्हंजे गिअर," कानिफनाथ म्हणाला. "पहिला, दुसरा, तिसरा."

"आन ह्यो उ?" बन्सीनं लांबूनच विचारलं.

"उलटा."

"उलटा कुनावर?" बन्सीचा आवाज चिरकला.

"उ म्हंजे उच्चाटन," चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या आज्यानं सांगितलेलं हाय मला."

कानिफनाथनं मूठ खिशात घातली. तो परत निघाला तेव्हा रस्ता आपोआप मोकळा होत गेला. उभ्या जन्मात त्याच्यासाठी कुणी रस्ता सोडला नव्हता, आणि आज सोडला तर असा. त्याला रडावंसं वाटत होतं. रविवारी शेड जाणार, हे आता नक्कीच झालं होतं.

शेडमध्ये आला तर स्टुलावर सुमनबाई बसलेल्या. सविता दाराशी उभी. तिनं डोळ्यांनी खूण केली, मी काही केलेलं नाही, आणि डबा धुवायचं निमित्त करून बाहेर गेली.

सुमनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं.

"कानिफभाऊ," त्या म्हणाल्या, "हात बधिर झालाय. बुधवारपास्नं. तुमी सुरुवात केली का?"

"कशाला सुरुवात, आक्का?"

"मला मारू नका. मी देते. पर मारू नका."

आणि त्यांनी पदराखालून एक झाकण काढलं. भाताच्या पातेल्याचं जर्मनचं झाकण, आणि त्याच्या मधोमध एमसील लावून पक्की बसवलेली पांढरी गोल मूठ. वर काळ्या रेघा, इंग्रजी आकडे. अठ्ठावन्न सालची.

ही मूठ कुठल्या जीपची, हे कानिफनाथनं तिथंच ओळखलं.

"साखरपुड्याला ती गाडी माझ्याच दारापुढं उभी केल्ती," सुमनबाई सांगू लागल्या. "मी जनमात जीपमधी बसले न्हाई. हे हुते तवा म्हनायचे, बसवीन, बसवीन. सगळी जेवायला बसलेली. म्हनलं, कोन बघतंय. बसले. दांडा धरला जरा. तर ही माझ्या हातातच आली, भाऊ. मी ओढली न्हाई. तेवढ्यात कोनतरी आलं, मी कमरेला खोचली आन घरात पळाले. मंग परत कशी देऊ? लोक म्हनले असते, सुमन म्हातारपनी गाडीत बसून चाळं करती." त्या थांबल्या. "आन झाकनाची मूठ मोडलेलीच हुती."

कानिफनाथनं झाकण हातात घेतलं, मूठ उलटसुलट करून पाहिली. जरा हलली, तशी एमसीलमधून थोडी सुटलीही. "आटे झिजलेत हिचे," तो म्हणाला. "कधीतरी निघनारच हुती. तुमची चूक न्हाई."

मग त्यानं खिशातून स्वतःची मूठ काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जीप, दांडा, माप, प्रदर्शन. यावेळी हळू बोलण्याचा त्यानं मनापासून प्रयत्न केला. सुमनबाई काळ्या गोळ्याकडं आणि पांढऱ्या मुठीकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"म्हंजे तसली मूठ न्हाईच?"

"न्हाई."

"मंग माझा हात?"

"दोन राती कशा झोपलात?"

"हातावर डोकं ठिवून. झोप कुठली." त्यांनी फडकं सोडलं, बोटं हलवून पाहिली. बोटं हलली. आणि चेहऱ्यावर रंग परत आला तो रागाचा. "मंग मी उगंच सांगितलं तुमाला."

आता मात्र कानिफनाथ घाबरला. घरमालकिणीचं गुपित माहीत असलेला भाडेकरू ती कशाला ठेवेल? खोट्या शेळ्या परवडल्या असत्या.

"मी कुनाला सांगनार न्हाई," तो म्हणाला.

"तुमी? तुमी बोलायला लागला की श्रीरामपुरात ऐकू जातंय."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला.

कानिफनाथनं पकडीनं मूठ पिळली, एमसीलचा तुकडा टचकन उडाला, मूठ सुटून टेबलावर पडली आणि झाकण सुमनबाईंनी पाठीमागं धरलं. आप्पासाहेब हातात नारळ घेऊन आत आले. त्यांच्या मागं, सुरक्षित अंतर ठेवून, निम्मी गल्ली. जीपच्या उघड्या दांड्याला आप्पासाहेबांनी हाताला टोचू नये म्हणून लाल चिंधी बांधली होती, तिनं गल्लीची उरलीसुरली शंकाही फिटली होती.

"झाली का मूठ?" आप्पासाहेबांनी विचारलं, आणि मागं कुणीतरी हळूच रामराम म्हटलं.

मग त्यांची नजर टेबलावर गेली. तिथं दोन मुठी होत्या.

"ही," आप्पासाहेब म्हणाले. पांढरी मूठ त्यांनी दोन्ही हातांत घेतली. "ही कुठं मिळाली, कानिफनाथ?"

सुमनबाईंनी डोळे मिटले. कानिफनाथनं दाराबाहेर पाहिलं. पायरीवर टॉर्च होता, खुर्च्या होत्या, पंप होता.

"पायरीवर," तो म्हणाला. "दोन दिस कोन कोन काय काय ठिवून जातंय. त्यातच निघाली."

बाहेर गल्लीनं एकदम श्वास घेतला. बन्सी भिंतीला टेकला.

"हिला मसाल्याचा वास येतोय," आप्पासाहेब मूठ नाकाशी नेत म्हणाले.

"चोराच्या घरी सैपाक होत असनार की, साहेब."

सुमनबाई छताकडं बघत होत्या. आप्पासाहेबांनी आणखी एकदा वास घेतला, मग काळी मूठ उचलली, तळहातात फिरवली. "ही फार देखणी केलीत हो. पण..."

"जुनीच बसवा," कानिफनाथ म्हणाला. हे म्हणताना त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. पण अठ्ठावन्न सालच्या गाडीला अठ्ठावन्न सालचीच मूठ शोभणार, हे लेथवाल्याला कळतं. त्यानं झिजलेल्या आट्यांवर दोऱ्याचे चार वेढे दिले आणि मूठ आवळून बसवली. नारळ फुटला. गल्लीनं प्रसाद घेतला, आणि घेताना दोन्ही हात पुढं केले.

"मालकीणबाई, बसता का? एक चक्कर मारून आणतो," आप्पासाहेब सुमनबाईंना म्हणाले.

"नको बाई," सुमनबाई म्हणाल्या. "असल्या गाडीत मी कधी बसले न्हाई."

पण बसल्या. वेशीपर्यंत जाऊन आल्या, आणि जाताना येताना दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या होत्या.

रविवारी सुमनबाईंनी कानिफनाथ आणि सविताला जेवायला बोलावलं. आधी करारावर सह्या झाल्या, अकरा महिन्यांच्या. शेळ्यांचा विषय कुणी काढला नाही. मग भाताचं पातेलं आलं. झाकणावर काळीभोर शिसवी मूठ, वर लाल रेघा, १, २, ३ आणि उ.

"अवो, ही तर तुमची—" सविता म्हणाली, आणि कानिफनाथनं तिच्या पायावर पाय ठेवला.

"झाकनाची हाय," सुमनबाई म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

भात वाढून होतोय तेवढ्यात चांगुणाबाई दारात आल्या. हातात नारळ. "कानिफभाऊ, जावयाचा मोबाईल गेलाय, श्रीरामपूरच्या स्टँडवरनं. एक मूठ मारली असती तर..."

"मावशी, पुन्हा सांगतो, ती मूठ गिअरची—"

"घास तोंडात असताना बोलू नये, कानिफभाऊ," सुमनबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक ढीग भात लोटला. मूठ गिअरची ठरली असती, तर पांढरी मूठ पायरीवर कुणी आणि कशाला आणून ठेवली, हा प्रश्न आलाच असता. "चांगुणे, नारळ ठिव तिथं. फिरू दे जरा गावात, नारळ आलाय म्हनून. मोबाईल येईल."

चांगुणाबाई नारळ ठेवून गेल्या. सुमनबाई आमटी आणायला आत वळल्या. सविता नवऱ्याच्या कानाशी आली.

"लोकांना खरं कधी सांगनार तुमी?"

कानिफनाथ तिच्याकडं झुकला आणि त्याच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाला, "ह्यो करार संपला का सांगतो."

आतून आमटीचा डाव पातेल्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"त्यो कागद आना हिकडं," सुमनबाई म्हणाल्या. "अकरा महिन्यांचं खोडून पाच वरसं करू."